खाडीकाठची बोली आणि तीन पिढ्यांचे कान

रोहे तालुक्यातील नागोठण्यावरून वाहत येणारी अंबा नदी पेणच्या खारेपाटात शिरली की तिचे नदीपण हळूहळू संपते आणि धरमतरची खाडी म्हणून ती रेवस-करंजाच्या मुखाशी मुंबई बंदराच्या पाण्याला जाऊन मिळते. वडखळच्या फाट्यावरून अलिबागकडे वळणारा आजचा प्रवासी पुलावरून ही खाडी क्षणार्धात ओलांडतो. परंतु एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, सडका अपुऱ्या आणि रेल्वेचा मागमूसही नसलेल्या त्या काळात, मुंबईहून निघालेल्या आगबोटी धरमतरच्या धक्क्याला लागत आणि उतारू तेथून बैलगाडीने, टांग्याने आणि पुढच्या काळात मोटारीने पेण, नागोठणे, महाड अशा वाटा धरीत. त्या आगबोटींतून टपाल उतरे, कापड उतरे, मुलांसाठी आणलेला खाऊ उतरे. आणि ज्याची नोंद कोणत्याही जकातीच्या दफ्तरात कधी झाली नाही असा एक जिन्नसही त्यांबरोबर उतरे, तो म्हणजे मुंबईच्या रस्त्यावरची ताजी बोली.

या बोलीचा, म्हणजे ज्यांना आपण कधी टपोरी, कधी चावट, कधी नुसतेच ‘आजकालच्या पोरांचे’ शब्द म्हणतो त्यांचा, मागोवा घेण्याचा छंद मला अनेक वर्षांपासून आहे, आणि त्यापायी पेण, वडखळ, नागोठणे, रोहे या पट्ट्यात माझी वारंवार भटकंती झाली आहे. नव्या शब्दांना सर्वांत कडवा विरोध सर्वांत वृद्ध पिढीचा असतो, ही सर्वसाधारण समजूत या भटकंतीत मला खरी आढळली नाही. आजोबा आणि नातू यांचे या बाबतीत पुष्कळदा जमते. कपाळावर आठी उमटते ती मधल्या पिढीच्या, म्हणजे पन्नाशीच्या आसपासच्या आईवडिलांच्या. असे का व्हावे, हाच या लेखाचा विषय आहे.

पूर्वपीठिका थोडक्यात सांगतो. भाषेत परके शब्द शिरतात ही तक्रार आपल्या मुलखाला नवी नाही. १६७४ साली राज्याभिषेक झाल्यावर शिवछत्रपतींनी फार्सी राजकीय शब्दांना संस्कृत प्रतिशब्द देणारा राज्यव्यवहारकोश करविला. विसाव्या शतकात सावरकरांनी भाषाशुद्धीची चळवळ चालविली आणि ‘दिनांक’, ‘महापौर’ यांसारखे शब्द रूढ केले. १९२५ साली फार्सी-मराठी कोश सिद्ध करणाऱ्या माधवराव पटवर्धनांनीच पुढे १९३८ साली ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहिले. तरीही तालुका, जिल्हा, वसुली, दस्तऐवज हे शब्द आजतागायत मामलेदार कचेरीत सुखेनैव नांदत आहेत. वाद तेव्हा कोशकारांचा आणि पंडितांचा होता. ओटीवर, जेवणाच्या पानावर आणि हातातल्या मोबाइलवर चालणारा वाद निराळा आहे, आणि माझे मन त्यातच अधिक रमते.

आगबोटीकडे पुन्हा वळतो, कारण शब्दांच्या प्रवासाचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे ठाऊक नाही. खाडीकाठच्या माणसाचे स्वतःचे शब्दभांडार अत्यंत संपन्न होते आणि ते सर्वस्वी पाण्याशी बांधलेले होते. अमावास्या-पौर्णिमेच्या मोठ्या भरतीला ‘उधाण’, अष्टमीच्या सुमाराच्या मंद भरतीला ‘भांग’, समुद्राला अडविणारा बांध तो ‘बाहेरकाठा’, पाणी सोडण्याची दारे ती ‘उघाडी’, आणि बांध फुटून खारे पाणी भातशेतीत शिरले तर ‘खांड गेली’. या दोन शब्दांत एका गावाच्या वर्षभराच्या अन्नाची वासलात लागलेली असे. अशा गंभीर, श्रमाने घडलेल्या शब्दांच्या शेजारी मुंबईहून आलेले ‘खल्लास’, ‘भंकस’, ‘राडा’, ‘सॉलिड’ हे शब्द येऊन बसले. ते आणणारे कोण? गोदीतले मजूर, गिरणीतले कामगार, गणपतीला आणि शिमग्याला गावी येणारे चाकरमानी. आठ-दहा दिवस ते गावात राहत, चावडीपाशी पत्ते खेळत, मुंबईच्या नाक्यावरच्या हकिकती सांगत, आणि ते परत गेल्यावर गावातली पोरे तेच शब्द महिनोन्महिने घोळवीत. १९८२ साली गिरण्यांचा संप सुरू झाला आणि अनेक कुटुंबांची मुंबईतली मुळे उखडली, तेव्हा माणसांबरोबर ही बोलीही कोकणातल्या घरांत कायमची वस्तीला आली. ‘खल्लास’ आणि ‘खलाशी’ हे एकाच अरबी धातूचे वंशज आहेत हे कळले त्या दिवशी मला केवढा आनंद झाला होता! एक शब्द बोट चालविणाऱ्याचा, दुसरा तिच्यातून उतरलेल्या टवाळ पोराचा, आणि कूळ मात्र दोघांचे एकच.

वडखळच्या बाजूला एका जुन्या खलाशाच्या ओटीवर मी पुष्कळदा बसलो आहे. वय ऐंशीच्या पलीकडचे, दृष्टी मंद, कान मात्र तल्लख. त्यांची मुलगी शिक्षिका आहे आणि नातू पेणला महाविद्यालयात जातो. एके दिवशी नातू बाहेरून आला आणि कोणत्याशा क्रिकेटच्या सामन्याविषयी म्हणाला, “आजोबा, विषय हार्ड झाला आज!” स्वयंपाकघरातून आईचा आवाज आला, “नीट मराठीत बोल की रे!” आजोबांनी मात्र शांतपणे विचारले, “हार्ड म्हंजी कवरा? भांगाचा का उधानाचा?” नातू हसून म्हणाला, “उधाणाचा, आजोबा.” आणि दोघांचे समाधान झाले. त्या वृद्धाने नव्या शब्दाला आपल्या मोजपट्टीवर मोजून घेतले. त्याला त्या शब्दाचे भय वाटले नाही.

भय वाटले ते मुलीला, आणि त्याचे कारण तिने मला पुढे मोठ्या कळकळीने सांगितले. ती लहानपणी घरी आगरी बोलत असे. आगरी बोलीत ‘ण’चा ‘न’ होतो, ‘ळ’चा ‘ल’ होतो, ‘ड’च्या जागी ‘र’ येतो. होडी ती ‘होरी’, गाडी ती ‘गारी’, ‘मला’ऐवजी ‘मना’, ‘कशाला’ऐवजी ‘कनाला’. शाळेत तिने ‘पानी’ म्हटले की वर्ग हसे, आणि तोच शब्द फळ्यावर दहादा शुद्ध लिहावा लागे. तिने ती बोली जिद्दीने सोडली, प्रमाण मराठी आत्मसात केली, शिक्षिका झाली. आणि आता तिचाच मुलगा, जिच्यासाठी तिने एवढे मोल दिले ती भाषा हातची टाकून, ‘क्रिंज’, ‘वाईब’ आणि ‘ब्रो’ म्हणत हिंडतो. तिचा राग शब्दांवर नाही. आपल्या कष्टाची किंमत कोणालाच राहिली नाही, या जाणिवेचे ते दुःख आहे. मधल्या पिढीच्या आठीचा उलगडा मला त्या दिवशी झाला.

याहूनही विलक्षण गोष्ट अशी की जी बोली या पिढीने लाजेने लपविली तीच आता तरुणांच्या तोंडी अभिमानाची होऊन बसली आहे. हळदी-लग्नांत आगरी-कोळी गीतांचा ठेका सर्वत्र वाजतो, त्यांवर चित्रफिती निघतात, आणि ज्यांच्या घरात आगरी कधी बोललीच जात नव्हती अशी मुलेही ‘दादूस’, ‘कनाला’ हे शब्द हौसेने उच्चारतात. मुलाच्या तोंडून ‘मना’ ऐकून त्या शिक्षिकेला आनंद होतो आणि त्याच क्षणी कुठेतरी खुपते. हे दोन्ही भाव खरे आहेत आणि मला दोहोंविषयी आदर वाटतो. मात्र धवलारणींनी लग्नात म्हटलेले धवले, म्हणजे लग्नविधींची पारंपरिक गाणी, आणि ध्वनिवर्धकावरचे ठेक्याचे गाणे यांत अंतर आहे, आणि नव्या मुलांनी हौसेबरोबर धवल्यांच्या अर्थाचीही चौकशी करावी, असे माझे मत आहे.

हा कलह छापील पानावरही होऊन गेला आहे. भाऊ पाध्ये यांची ‘वासूनाका’ ही कादंबरी १९६५ साली प्रसिद्ध झाली. मुंबईच्या नाक्यावर उभ्या राहणाऱ्या रिकामटेकड्या तरुणांची भाषा तिने जशीच्या तशी उतरविली आणि मोठे वादळ उठले. आचार्य अत्र्यांसारख्या भाषाप्रभूनेही तिच्यावर कडाडून टीका केली. आज ती कादंबरी साहित्याच्या चर्चेत मानाने येते. तिच्यावर रागावलेल्यांना मी अरसिक म्हणणार नाही. ती भाषा आपल्या मुलांच्या कानी पडू नये, ही आईबापांची काळजी प्रामाणिक होती. परंतु पाध्ये यांनी ती लिहून ठेवली नसती तर एका पिढीचा बोलता आवाज कायमचा बुडाला असता, आणि मला ही हानी त्या क्षोभापेक्षा अधिक मोठी वाटते.

पेण आणि हमरापूरच्या गणपतीच्या कारखान्यांत पिढ्यांचा हा संवाद श्रावणात ऐकण्यासारखा असतो. डोळ्यांची आखणी करणारा जुना कारागीर हात थरथरू नये म्हणून श्वास रोखून बुबुळ रेखतो, आणि मूर्ती उतरली की म्हणतो, “सुबक झाली.” शेजारी पीतांबराला रंग देणारा पोरगा म्हणतो, “कडक!” मी त्या कारागिराला विचारले, हा शब्द देवाच्या मूर्तीला शोभतो का? तो म्हणाला, “त्याचा हात बघा, शब्द नका बघू. रंग कुठं सांडलाय का?” रंग कोठेही सांडला नव्हता.

सगळेच शब्द मी आनंदाने घरात घेईन असे मात्र नाही. एखाद्याच्या व्यंगावर, जातीवर, बाईच्या देहावर बोट ठेवून जन्मलेला शब्द कितीही चुरचुरीत असो, त्याला माझा विरोध आहे, आणि या एका मुद्द्यावर मला खाडीकाठी तिन्ही पिढ्या माझ्या बाजूला आढळल्या. बाकी ‘भिडू’ हा तर खेळातला जुना सोबती. मुंबईच्या नाक्यावर जाऊन तो थोडा उनाड होऊन परतला, एवढेच.

वेगाचा फरक मात्र फार मोठा पडला आहे. मुंबईहून धरमतरला शब्द बोटीने येई तेव्हा त्याला सणाची वाट पाहावी लागे; कोल्हापूरचा ‘नाद खुळा’ आज मोबाइलवरून रोह्याच्या धाटाव वसाहतीत संध्याकाळपर्यंत पोचतो. डोलवीच्या पोलाद कारखान्यासाठी खाडीत बार्ज लागतात, त्यांवरच्या परप्रांतीय कामगारांची हिंदी वडखळच्या चहाच्या टपरीवर मिसळते, आणि शब्द महिनाभरात जुनाही होतो. वृद्धांची खरी तक्रार मला याबाबत ऐकू आली: शब्द कळेकळेपर्यंत पोरे दुसराच बोलू लागतात.

म्हणून पेण आणि रोह्याच्या शाळांतील मराठीच्या शिक्षकांना माझी विनंती आहे, की या दिवाळीच्या सुटीत मुलांना निबंधाऐवजी एक वही द्यावी. एका रकान्यात आजोबांचा शब्द, दुसऱ्यात आईचा, तिसऱ्यात स्वतःचा. समोर गावाचे नाव, बोलणाऱ्याचे वय, आणि तो शब्द प्रथम कोणाच्या तोंडून ऐकला ते. ‘खांड’, ‘उघाडी’, ‘बाहेरकाठा’ यांपासून आरंभ करावा, कारण ते जाणणारी माणसे झपाट्याने कमी होत आहेत. ‘कडक’ आणि ‘विषय हार्ड’ यांनाही त्याच पानावर जागा असावी, आणि आईच्या रकान्यात तिने सोडून दिलेला शब्दही तिला विचारून लिहावा.