नळदुर्गचे प्रपात आणि पाऊसमान

आपल्या जिल्ह्यांतील नळदुर्गचा किल्ला बहुतेकांनीं पाहिला असेल. सतराव्या शतकाच्या आरंभीं, दुसऱ्या इब्राहीम आदिलशहाच्या कारकीर्दींत, बोरी नदीवर दगडी बंधारा घालून हा किल्ला शेजारच्या रणमंडळास जोडण्यांत आला. बंधाऱ्याच्या पोटांत पाणीमहाल नांवाचें दालन आहे. नदी बंधाऱ्यावरून वाहूं लागली म्हणजे ‘नर’ व ‘मादी’ हे दोन प्रपात कोसळूं लागतात, आणि पाणीमहालांतील प्रेक्षकाच्या डोळ्यांसमोर जलाचा पडदा पडत असतांही त्याचें अंग कोरडें राहतें!

हें दृश्य पाहण्यास दूरदूरचे लोक येतात, व त्यांच्यावर रिक्षावाले, चहावाले, कणसें भाजून विकणाऱ्या बाया यांना चार पैसे मिळतात. परंतु ही सारी मिळकत पाऊसमानावर अवलंबून आहे. नदीच्या वरच्या अंगास धरण आहे. तें भरून सांडलें तरच प्रपातांस भरपूर पाणी मिळतें. आपल्याकडे पावसाचा खरा जोर बहुधा सप्टेंबरांत असतो. तोच महिना कोरडा गेला तर प्रपात मुके राहतात. उलट, अतिवृष्टि झाली तरीही अनर्थच. सप्टेंबर २०२५ मध्यें भूम-परांडा भागांत पुरानें शेतें बुडालीं, तेव्हां सहलीचा विचार कोणास सुचणार?

जी गोष्ट येथें पावसाची, तीच थंड प्रदेशांत बर्फाची. काश्मिरांतील गुलमर्गास लोक हिवाळ्यांत बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा खेळ खेळावयास जातात. जानेवारी २०२४ मध्यें तेथील उतार बर्फावांचून उघडे पडले, व पुष्कळांनीं जाण्याचे बेत रद्द केले. २०२५ सालीं तेथील हिवाळी क्रीडास्पर्धा बर्फाअभावीं फेब्रुवारींतून मार्चांत ढकलाव्या लागल्या. युरोपांत यंत्रानें पाण्याचे तुषार उडवून बर्फ करितात खरें. पण त्यासही पाणी व कडाक्याची थंडी हवीच.

येथें एक मर्म ध्यानांत घ्यावें. गुलमर्गचें बर्फ वसंतांत वितळून नद्यांस मिळतें. आपले प्रपात धरण भरल्यावर उरलेल्या पाण्यानें वाहतात. म्हणजे प्रवाशांचा आनंद आणि शेतकऱ्याची आशा एकाच पाण्यावर जगतात. प्रपात आटला तर केवळ चहावाल्याचीच नव्हे, तर गांवाचीही काळजी वाढते.

मिसर देशांत योसेफानें सुकाळांतच दुष्काळाची तरतूद केली. आपणही तसेंच करावें. नवबुरूज, बंधाऱ्याची बांधणी व किल्ल्याचा इतिहास हीं बारमाही पाहण्याजोगीं आहेत. तीं नीट राखून समजावून सांगितलीं, तर ज्या वर्षीं प्रपात वाहणार नाहींत, त्या वर्षींही नळदुर्गची वाट ओस पडणार नाहीं.