आनुवंशिक कर्करोग : चाचणी एकाची, माहिती कुटुंबाची

एखाद्या घरात दोघा-तिघांना कर्करोग झाला की तो 'घराण्यातला' मानला जातो. प्रत्यक्षात एकूण कर्करोगांपैकी सुमारे 5 ते 10 टक्केच आनुवंशिक असतात. उरलेल्यांत वाढते वय, तंबाखू, संसर्ग आणि निव्वळ योगायोग यांचा वाटा मोठा आहे. मात्र या लहान गटातील धोका इतका अधिक असतो की, तो वेळीच ओळखणे हा आरोग्यनियोजनाचा विषय ठरतो.

स्तन व बीजांडकोशाचा कर्करोग हे याचे सर्वाधिक अभ्यासले गेलेले उदाहरण होय. 1990 मध्ये मेरी-क्लेअर किंग यांनी अशा एका जनुकाचे 17 व्या गुणसूत्रावरील स्थान दाखवून दिले. 'बीआरसीए-1' हे ते जनुक 1994 मध्ये, तर 13 व्या गुणसूत्रावरील 'बीआरसीए-2' 1995 मध्ये निश्चितपणे ओळखले गेले. डीएनएमधील मोडतोड दुरुस्त करणारी प्रथिने या जनुकांमुळे तयार होतात. त्यांत जन्मजात दोष असलेल्या स्त्रीला आयुष्यात स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता 60 ते 70 टक्क्यांच्या आसपास असते. हा दोष अपत्याकडे जाण्याची शक्यता, मुलगा असो वा मुलगी, 50 टक्के असते. तो पित्याकडूनही येतो. त्यामुळे केवळ आईच्या माहेरची चौकशी अपुरी पडते.

समुपदेशनाचा प्रारंभ रक्ततपासणीने नव्हे, तर तीन पिढ्यांच्या वंशावळीने होतो. चाचणी शक्यतो प्रथम रुग्णाची करावी. तिच्यात नेमका दोष सापडला की नातेवाइकांमध्ये तेवढाच शोधावा लागतो व खर्च बराच कमी होतो. ज्यांच्यात तो नाही, त्यांची अनावश्यक भीती व तपासण्या टळतात. ज्या स्त्रियांमध्ये आहे, त्यांच्यासाठी दरवर्षी एमआरआय, तसेच अपत्यप्राप्तीनंतर बीजांडकोश काढून टाकणे असे पर्याय असतात. काही वेळा 'अर्थ अनिश्चित' असाही निष्कर्ष येतो. संदर्भसाठा प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांचा असल्याने भारतीयांबाबत ही अडचण अधिक जाणवते. दहा हजार भारतीयांच्या 'जीनोम इंडिया' प्रकल्पाचे महत्त्व येथे लक्षात येते.

अर्थशास्त्राच्या अभ्यासकाला यातील दोन प्रश्न विशेष महत्त्वाचे वाटतात. पहिला मक्तेदारीचा. अमेरिकेत या जनुकांवर मिरियड कंपनीचे पेटंट होते व चाचणीस तीन हजार डॉलरहून अधिक खर्च येई. नैसर्गिक डीएनएवर पेटंट देता येत नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने जून 2013 मध्ये दिला. स्पर्धक पुढे आले आणि किंमत उतरली. दुसरा प्रश्न विम्याचा. धोका ज्ञात असलेलाच विमा घेईल, ही विमा कंपन्यांची 'प्रतिकूल निवडी'ची भीती निराधार म्हणता येणार नाही. तथापि, विमा नाकारला जाईल या धास्तीने लोकांनी चाचणीच टाळली, तर समाजाचे नुकसान त्याहून मोठे आहे. अमेरिकेने 2008 च्या कायद्याने आरोग्यविमा व नोकरीत जनुकीय भेदभावास मनाई केली. आयुर्विमा मात्र त्याबाहेर ठेवला. आपल्याकडे 2018 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने आरोग्यविम्यातून जनुकीय विकारांना सरसकट वगळणे भेदभावकारक ठरविले.

याखेरीज एक प्रश्न कायद्याच्या पलीकडचा आहे. मुलीचे लग्न अडेल या भयाने अहवाल घरातच दडविला जातो आणि ज्या बहिणीला, आत्येबहिणीला तो कळायला हवा, तिच्यापर्यंत तो पोचत नाही. रुग्णाच्या संमतीवाचून समुपदेशक तो परस्पर कळवू शकत नाही. म्हणून नातेवाइकांना देण्यासाठी सोप्या भाषेतील एक पत्र तो रुग्णाच्याच हाती देतो.