‘कॅज्युअल्टी’ ऐकून घाबरू नका. फौजी घरात माहीत हवेत असे शब्द

आपल्याकडं अपशिंगे मिलिटरी, सैनिक टाकळी अशी गावाच्या नावातच फौज असलेली गावं आहेत. बाकीच्या गावांतही दर दोन-चार घरांमागं एखादा पोरगा पलटणीत असतोच. पण तो फोनवर बोलतो त्यातले निम्मे शब्द आई-बापाला आणि बायकोला कळत नाहीत. काही शब्दांनी उगाच घाबरायला होतं, तर काही शब्द न कळल्यामुळं पुढं पेन्शनचं काम अडतं. म्हणून हे शब्द जरा नीट समजून घेऊ.

घाबरवणारे शब्द

कॅज्युअल्टी : आपण याचा अर्थ जखमी किंवा मयत असा घेतो. लढाईत तो अर्थ आहेच. पण फौजेच्या कागदात लग्न झालं, मूल झालं, रजा घेतली, बदली झाली, अशा प्रत्येक नोंदीलाही ‘कॅज्युअल्टी’ म्हणतात. ‘लग्नाची कॅज्युअल्टी पाठवली’ म्हणजे लग्नाची नोंद पाठवली.

वॉरंट : हे पोलिसाचं नव्हे. सरकारी खर्चानं रेल्वेचं तिकीट मिळण्यासाठी जो कागद देतात, तो वॉरंट.

एमआय रूम आणि एमएच : एमआय रूम म्हणजे युनिटचा साधा दवाखाना. एमएच म्हणजे मिलिटरी हॉस्पिटल. तिथं तपासणीसाठीही पाठवतात. तेव्हा ‘एमएचला आलोय’ म्हटलं की आधी कशासाठी ते विचारा, मग काळजी करा.

डिस्चार्ज : दवाखान्यातून सुटी हा अर्थ आहेच, पण जवान नोकरी संपवून घरी येतो त्यालाही डिस्चार्जच म्हणतात.

कोण कुठल्या हुद्द्यावर

शिपाई, लान्स नायक (एक फीत), नायक (दोन फिती) आणि हवालदार (तीन फिती) हे सगळे ‘ओआर’. नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर हे ‘जेसीओ’. यांना जवान ‘साब’ म्हणतात. रणगाड्याच्या दलात हवालदाराला दफेदार आणि सुभेदाराला रिसालदार म्हणतात. ‘सीओ साब’ म्हणजे पलटणीचा मुख्य अधिकारी, बहुतेक कर्नल असतो. ट्रेनिंग देणारा तो ‘उस्ताद’ आणि नवा भरती झालेला ‘रंगरूट’. रंगरूट हा इंग्रजी रिक्रूटचाच आपल्या तोंडी बसलेला शब्द.

फील्ड, पीस, एपीओ

‘पीस’ म्हणजे शांत ठिकाणची पोस्टिंग. तिथं क्वार्टर मिळालं तर बायको-पोरांना नेता येतं. ‘फील्ड’ म्हणजे सीमेकडची किंवा अवघड जागा, तिथं कुटुंब नेता येत नाही. पत्त्यात ‘56 एपीओ’ किंवा ‘99 एपीओ’ असतं, गावाचं नाव नसतं. ठिकाण कळू नये म्हणूनच ही सोय. त्यामुळं पोरगा कुठं आहे ते व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. स्टेटसला युनिटचे फोटोही ठेवू नका.

रजा दोन प्रकारची. ‘एएल’ म्हणजे वार्षिक रजा, नियमित जवानाला वर्षाला 60 दिवस. ‘सीएल’ म्हणजे किरकोळ रजा, 30 दिवस. अग्निवीराला मात्र वर्षाला 30 दिवसच वार्षिक रजा आहे. दोघं रजेवर एकदम आले आणि एक लवकर परत गेला, तर गावात उगाच चर्चा नको.

सगळ्यात महत्त्वाचं : पार्ट टू ऑर्डर

लग्न, मुलाचा जन्म, घटस्फोट, मृत्यू यांची युनिटमध्ये जी अधिकृत नोंद निघते ती ‘पार्ट टू ऑर्डर’. ती रेकॉर्ड ऑफिसला जाते. घरच्या माणसांची नावं आणि जन्मतारखा असलेली यादी म्हणजे ‘किंड्रेड रोल’. ‘एनओके’ म्हणजे जवळचा नातेवाईक, काही झालं तर निरोप ज्याला जातो तो. पैशासाठीचा नॉमिनी वेगळा नोंदवावा लागतो. दोन्ही एकच समजू नका.

बायकोचं नाव रेकॉर्डला एक, आधारला दुसरं, जन्मतारीख तिसरीच, असं असलं की जवान हयात असेपर्यंत कुणाला कळत नाही. कळतं ते कुटुंब पेन्शनच्या वेळी. तेव्हा सही करायला तो नसतो, आणि बाईला प्रतिज्ञापत्रं घेऊन ऑफिसच्या पायऱ्या झिजवाव्या लागतात.

यंदाच्या सुटीत एवढं करा

पोरगा रजेवर आला की त्याच्याजवळ बसून एका वहीत लिहून घ्या : आर्मी नंबर, हुद्दा, युनिट, रेकॉर्ड ऑफिस. मराठा लाइट इन्फंट्रीचं रेकॉर्ड बेळगावला, तोफखान्याचं नाशिक रोडला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला आहे. बायको-मुलांची पार्ट टू ऑर्डर झाली का, नावं आधारप्रमाणं आहेत का, हे त्यालाच विचारा. निवृत्त फौजीच्या घरात पीपीओ, म्हणजे पेन्शन मंजुरीचा कागद, आणि डिस्चार्ज बुक कुठं ठेवलंय ते बायकोला माहीत पाहिजे. ‘स्पर्श’ ही पेन्शनची ऑनलाइन व्यवस्था आहे. हयातीचा दाखला वर्षातून एकदा द्यावाच लागतो. ‘स्पर्शमधून बोलतोय, ओटीपी सांगा’ असा फोन आला तर सरळ ठेवून द्या.

कागद अडला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जा. एजंटाला पैसे देण्याआधी तिथं एकदा विचारा.