मधुबालावर उजेड टाकणारा माणूस

दिवाळी अंकाच्या संपादकांनी विषय दिला तो बॉम्बे टॉकीजचा. डोंबिवलीहून निघालो, दादरला गाडी बदलली आणि मालाडला उतरलो. पश्चिमेला ‘बॉम्बे टॉकीज कंपाउंड’ हे नाव पत्त्यांत अजून टिकून आहे. आत मात्र गाळे, शेड आणि छोटे कारखाने. हिमांशू राय आणि देविका राणी यांनी 1934 साली इथे स्टुडिओ उभारला आणि पन्नाशीच्या दशकात तो बंद पडला. हा इतिहास पुष्कळांनी लिहिला आहे. मला गुंतवलं ते श्रेयनामावलीत पुन्हा पुन्हा येणाऱ्या एका नावानं: जोसेफ विर्शिंग.

जन्म 1903, म्युनिक. तिथल्या एमेल्का कंपनीचं पथक ‘प्रेम संन्यास’ या बुद्धपटासाठी 1925 मध्ये भारतात आलं, त्यात दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन यांच्याबरोबर हा विशीतला कॅमेरामन होता. काम संपवून तो परत गेला. पुढे हिमांशू राय यांनी मालाडसाठी माणसं जमवली तेव्हा ऑस्टेन आणि विर्शिंग दोघेही पुन्हा आले. ‘जवानी की हवा’पासून एकामागून एक चित्रपट निघू लागले.

त्या काळची फिल्म आजच्या मानानं फार मंद होती. चेहरा नीट उमटायचा तर दिव्यांचा मारा करावा लागे. त्यात बोलपट आले. कार्बनचे आर्क दिवे गुणगुणत आणि ती गुणगुण माइक टिपून घेई, म्हणून स्टुडिओंनी मोठे बल्ब आणले. त्या धगीत मेकअप सांभाळत नटनट्या उभ्या राहत. अशा वेळी सगळीकडून सारखा उजेड ओतून मोकळं होणं सोपं होतं. विर्शिंग यांनी तसं केलं नाही. कुठला भाग दिसू द्यायचा याइतकंच कुठला अंधारात ठेवायचा, हे ते ठरवत. जर्मन मूकपटांनी सावलीला पात्राचा मान दिला होता. ती शिस्त त्यांच्या हातात होती आणि समोर होते आपल्याकडचे सावळे-गोरे चेहरे, दागिने, जरीकाठ.

‘अछूत कन्या’ (1936) बघा. नायिका कस्तुरी ही रेल्वेच्या फाटकवाल्याची मुलगी आणि तिचा शेवटही फाटकाशीच होतो. ठाकुर्ली-कल्याणच्या आम्हा लोकांना फाटक म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही. गोष्ट जातिभेदाची, रखरखीत. पण देविका राणींच्या जवळून घेतलेल्या चेहऱ्यावरचा उजेड इतका मऊ आहे की गावानं जिला दूर ठेवलं, तिलाच कॅमेरा सगळ्यात जवळ घेतो. मला यात निव्वळ सजावट दिसत नाही. कॅमेऱ्यानं घेतलेली बाजू दिसते.

तेरा वर्षांनी ‘महल’ आला. दिग्दर्शक कमाल अमरोही, त्यांचा पहिलाच चित्रपट. पावसाळी रात्र, ओस वाडा, भिंतीवर स्वतःसारखंच दिसणारं तैलचित्र, आणि ते पाहून चरकलेला अशोककुमार. कुठून तरी गाणं येतं, झोक्यावर मधुबाला दिसते आणि नाहीशी होते. इथे उजेड थोडाच आहे. खोलीचे कोपरे काळोखात बुडवलेले, आणि चेहरा त्यातून हवा तेवढाच वर आलेला. सोळा वर्षांच्या मुलीचं भूत वाटावं आणि तिच्या प्रेमातही पडावं, ही दोन्ही कामं संवादांआधी दिव्यांनी केली आहेत. पुढे हिंदीत भुताटकीच्या वाड्यांची रांगच लागली; तिची सुरुवात इथून झाली.

अशोककुमार मुळात याच स्टुडिओच्या प्रयोगशाळेत कामाला होते. 1936 च्या ‘जीवन नैया’त त्यांना पहिल्यांदा नायक म्हणून टिपलं ते विर्शिंग यांनी. ‘महल’मध्येही त्यांनीच, आणि ‘पाकीजा’तला प्रौढ शहाबुद्दीनही त्यांच्याच कॅमेऱ्यासमोर आला. एका नटाचं तारुण्य ओसरताना एकाच माणसानं इतकी वर्षं भिंगातून पाहावं, हे मला विलक्षण वाटतं.

पण या ओळीत मोठी खाच आहे. 1939 मध्ये युद्ध पेटलं आणि ब्रिटिश सरकारच्या लेखी मालाडचे जर्मन तंत्रज्ञ शत्रूचे नागरिक ठरले. अशा लोकांसाठी अहमदनगर, देवळाली, देहरादून इथे छावण्या होत्या. विर्शिंगही नजरकैदेत गेले. ऐन तिशीतली, हात तयार झालेली वर्षं कॅमेऱ्याविना गेली. 1940 मध्ये हिमांशू राय वारले. कॅमेरा आर. डी. परींजा यांच्या हाती आला आणि ‘किस्मत’ (1943) त्यांनीच चित्रित केला. स्टुडिओ बंद पडला नाही, याचं कारण मला इथे दिसतं: परक्या तंत्रज्ञांच्या शेजारी उभं राहून इथली माणसं काम शिकली होती.

सुटकेनंतर विर्शिंग यांना घरी जाता आलं असतं. ते मुंबईतच राहिले. कमाल अमरोहींच्या संस्थेचा ‘दिल अपना और प्रीत पराई’ (1960) त्यांनी मीनाकुमारीसाठी उजळला. त्याआधीच ‘पाकीजा’चं काम सुरू झालं होतं. तो कृष्णधवल असायचा होता. मग रंग आला, मग सिनेमास्कोपचा रुंद पडदा. कृष्णधवलात सावलीवर हुकमत मिळवलेल्या माणसाला उतारवयात लाल, हिरव्या, सोनेरी रंगांचा हिशेब नव्यानं मांडावा लागला. झुंबरं, जाळीचे पडदे, कोठ्यांच्या रांगा, आणि रुंद चौकटीत कुठेही लपायला जागा नाही.

नंतर अमरोही आणि मीनाकुमारी वेगळे झाले आणि चित्रीकरण थांबलं. ते पुन्हा सुरू होण्याआधीच, 1967 मध्ये, विर्शिंग मुंबईत वारले. उरलेलं काम इतर छायालेखकांनी पुरं केलं. दुसऱ्याच्या उजेडाशी आपला उजेड जुळवणं फार अवघड असतं. दार उघडताना एकानं टिपलेली मीनाकुमारी आत येताना दुसऱ्यानं टिपायची आणि बघणाऱ्याला सांधा दिसू द्यायचा नाही. तेही मधल्या वर्षांत ती आजारानं खंगलेली असताना. 4 फेब्रुवारी 1972 ला चित्रपट झळकला. छायालेखक म्हणून नाव होतं जोसेफ विर्शिंग यांचं.

स्टुडिओत काढलेली त्यांची छायाचित्रं कुटुंबानं गोव्यात जपली आणि 2017 च्या सेरेंडिपिटी कला महोत्सवात ती लोकांसमोर आली. नटनट्यांबरोबर त्यांत कॅमेरा आणि त्याभोवती राबणारे कामगारही दिसतात. मालाडच्या कंपाउंडात यातलं काहीच लावलेलं नाही, एक पाटीसुद्धा नाही.