मॉड उघडेना? आधी फाइल बघा!

'जीटीए सॅन अँड्रियास' पीसीवर आला २००५ मध्ये. आज एफवायला असलेले कितीतरी जण तेव्हा जन्मलेही नव्हते. तरी हा गेम हॉस्टेलच्या लॅपटॉपवर अजून टिकून आहे, तो मॉड्समुळे. कुणी नवी गाडी टाकतं, कुणी अख्खे रस्ते बदलतं. पण होतं काय, दिवसाचा डेटा संपवून मॉड उतरवायचा, डबल क्लिक करायचं आणि समोर येतं, 'अनएक्स्पेक्टेड एंड ऑफ आर्काइव्ह'!

मग? तीच फाइल पुन्हा डाउनलोड. पुन्हा तेच. शेवटी कुणीतरी सल्ला देतं, 'अँटिव्हायरस बंद कर, होईल.' खरा घोळ इथंच सुरू होतो.

खरं तर तो मेसेज सरळ सांगतोय की फाइल अर्धवट उतरली आहे. झिपमध्ये आत काय काय आहे याची यादी सुरुवातीला नाही, शेवटी असते. म्हणजे अनुक्रमणिका पुस्तकाच्या शेवटच्या पानावर! ते पानच आलं नाही, तर ९९ टक्के उतरलेली झिपही उघडायला नकार देते. म्हणून आधी साइटवर दिलेला आकार आणि आपल्या फाइलचा आकार ताडून बघा. २०० एमबीच्या जागी दहा-वीस केबीच दिसतायत? मग तो मॉड नाहीच, बहुतेक ब्राउझरने वेबपेजच झिप म्हणून सेव्ह केलंय.

आकार बरोबर आहे, तरी उघडत नाही? फाइल नोटपॅडमध्ये उघडा. सगळी गिचमिड दिसेल, पण पहिली अक्षरं वाचता येतात. 'पीके' असेल तर झिप. (आमिरचा नाही हो, झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची ही आद्याक्षरं.) 'रार' दिसलं, तर आडनाव झिप आणि माणूस भलताच! अशी फाइल सेव्हन-झिपने उघडा. सॉफ्टवेअर मात्र नवं हवं. विनरारने २०१३ मध्ये रारचा नवा फॉरमॅट आणला. त्याआधीच्या सॉफ्टवेअरला तो कळतच नाही, धडधाकट फाइलही त्याला खराब वाटते. पार्ट १, पार्ट २ असे तुकडे असतील तर नावं न बदलता सगळे एकाच फोल्डरमध्ये ठेवा आणि फक्त पहिला उघडा.

'सीआरसी एरर' आला तर आतली तेवढीच फाइल बिघडलेली असते, बाकीच्या बऱ्याचदा नीट निघतात. पण बिघडलेली फाइल जबरदस्तीने गेममध्ये टाकू नका, गेम क्रॅश होईल.

आता तो अँटिव्हायरसवाला सल्ला. सॅन अँड्रियासच्या गाडीच्या मॉडमध्ये मुख्यतः दोनच फाइल्स लागतात: मॉडेलची डीएफएफ आणि रंगरूपाची टीएक्सडी. गाडीसाठी 'सेटअप डॉट ईएक्सई' कशाला हवी? वर अँटिव्हायरस बंद करायला सांगत असेल, तर ती फाइल न उघडता थेट डिलीट करा. त्याच लॅपटॉपवर आपले सेव्ह केलेले पासवर्ड असतात, सबमिशन्स असतात.

आणि मॉड नीट निघाला तरी, तो टाकण्याआधी गेमच्या 'जीटीए३ डॉट आयएमजी' फाइलची एक कॉपी दुसरीकडे ठेवाच. गाड्यांची मॉडेल्स त्याच फाइलमध्ये असतात.