शुद्ध पाणी पोलाद खातं तेव्हा

फौजेत वाहनांच्या वर्कशॉपमध्ये माझी बरीच वर्षं गेली. एका उन्हाळ्यात रेडिएटरमध्ये बोअरचं खारं पाणी भरलं गेलं आणि तीन ट्रक उभे राहिले. तेव्हापासून माझा पक्का समज, की पाणी शुद्ध असलं म्हणजे लोखंडाला धोका नाही. तो समज जपानच्या मिहामा अणुवीज केंद्राची हकीकत वाचून मोडला.

९ ऑगस्ट २००४. तिसऱ्या युनिटच्या टर्बाइन इमारतीत एक जाड नळी फुटली. आतलं पाणी सुमारे १४० अंशांचं, बाहेर पडताच त्याची वाफ झाली. ५ कामगार गेले, ६ भाजले. किरणोत्सर्ग मात्र नव्हता, कारण हे पाणी अणुइंधनाजवळ जात नाही. ते वाफ बनवून टर्बाइन फिरवणाऱ्या दुसऱ्या फेऱ्यातलं.

मग नळी खाल्ली कुणी? साध्या पोलादावर आतून मॅग्नेटाइटचा काळा थर बसतो, तेच त्याचं चिलखत. पण क्षार आणि ऑक्सिजन काढून टाकलेलं गरम पाणी या थराला हळूहळू विरघळवतं. पाणी संथ असेल तर विरघळलेलं लोह तिथेच साचतं आणि झीज मंदावते. वेगाने वाहत असेल तर ते लोह वाहून जातं, थर पुन्हा बनतो, पुन्हा विरघळतो. मिहामाची नळी प्रवाह मोजायच्या छिद्राच्या चकतीपुढेच फुटली, जिथे पाणी घुसळतं. १० मिलिमीटरची भिंत दीड मिलिमीटरच्याही खाली आली होती.

गंमत बघा, चिमूटभर ऑक्सिजन असता तर थर जास्त टिकला असता! पण तोच ऑक्सिजन वाफ बनवणाऱ्या यंत्राच्या नळ्यांना बाधतो. म्हणून अमोनियासारखी द्रव्यं घालून पाणी अल्कधर्मी ठेवतात, म्हणजे लोह कमी विरघळतं. पोलादात थोडं क्रोमियम असलं तरी झीज बरीच घटते.

आपल्याकडेही जड पाण्याच्या अणुभट्ट्यांत फीडर नळ्या अशाच झिजल्या. रावतभाट्याच्या दुसऱ्या भट्टीत त्या सगळ्या बदलाव्या लागल्या. पण तिथे जाडी मोजली जात होती. मिहामाची ती जागा तपासणीच्या यादीतच नव्हती. १९७६ पासून कुणी मोजलीच नाही. २००३ मध्ये चूक लक्षात आली आणि तपासणी पुढच्या वार्षिक बंद काळावर ढकलली गेली. तो बंद १४ ऑगस्टला सुरू व्हायचा होता. त्याच कामाच्या तयारीसाठी ती माणसं त्या दुपारी तिथे आली होती.