रोषणाई ध्रुवावर, दफ्तर कुलाब्यात

अहेरीच्या एका शाळेतील विज्ञानशिक्षकांचे पत्र गेल्या पंधरवड्यात आले. पत्रासोबत आइसलंडच्या सहलीचे एक रंगीत माहितीपत्रक होते. दिवसा वाटाड्याबरोबर थिंगवेल्लिरची दुभंगलेली भूमी, गेसिरची उकळती कारंजी आणि गुलफॉसचा धबधबा पाहावा, आणि रात्री गावाच्या दिव्यांपासून दूर नेऊन सोडतील तेथे उभे राहून ध्रुवीय प्रकाश पाहावा, असा त्यातील कार्यक्रम. गुरुजींनी ते वर्गात वाचून दाखवले, तेव्हा मागच्या बाकावरील एका मुलीने विचारले की दिवसभराचे असे स्थलदर्शन आपल्या तालुक्यातही घडवता येईल, मग रात्रीचा भाग तेवढा आपल्या आकाशाने का नाकारावा? १० मे २०२४ च्या रात्री लडाखातील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी क्षितिजावर पसरलेली तांबडी आभा टिपली होती. हानले भारतात आणि अहेरीही भारतात, तेव्हा या प्रश्नास थातुरमातुर उत्तर चालणार नाही, असे गुरुजींनी शेवटी लिहिले आहे. त्या मुलीचा प्रश्न मला इतका आवडला की तिचा दिवस आणि तिची रात्र या दोहोंचाही विचार येथे करणार आहे.

प्रथम दिवस. अहेरीहून निघावे ते आलापल्लीच्या वनवैभवात. काही हेक्टरांचा हा साग, ऐन, बिजा यांचा जुना राखीव तुकडा २०१४ साली जैवविविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाला, आणि तेथील सागाच्या बुंध्याशी उभे राहून वर पाहताना मानेला जी कळ लागते तिच्यातच त्या वृक्षांच्या वयाचा अदमास येतो. झाडे सूर्याच्या कोपाची नोंद ठेवतात, हे येथेच सांगून टाकतो. फुसा मियाके या जपानी संशोधिकेने आपल्या सहकाऱ्यांसह २०१२ साली जपानी सीडर वृक्षांच्या वर्षवलयांतील किरणोत्सारी कार्बन मोजून दाखवले की इसवी सन ७७४-७५ च्या सुमारास पृथ्वीवर विलक्षण किरणवर्षाव झाला होता. आलापल्लीचे साग त्या मानाने बालके आहेत. तरी त्यांच्या सावलीत ही गोष्ट मुलांना सांगितली तर ती विसरणार नाहीत.

तेथून दक्षिणेस सिरोंचा. वाटेत प्राणहितेची सोबत, आणि वडधमच्या माळावर शिळारूप झालेली खोडे. प्राणहितेकाठी कोटा नावाचे एक लहान गाव आहे, आणि त्याचे नाव जगभरच्या भूशास्त्रज्ञांना ठाऊक आहे. तेथील चुनखडकात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास माशांचे जीवाश्म सापडले, आणि त्या खडकांच्या समूहाला कोटा शैलसमूह हेच नाव पडले. याच समूहातून नदीपलीकडे, आजच्या तेलंगणात, बारापासॉरस या महाकाय डायनोसॉरची हाडे निघाली. त्याचे नाव बंगालीतील ‘बडो पा’, म्हणजे मोठा पाय, यावरून घडले आणि त्याला जोड मिळाली रवींद्रनाथ टागोरांच्या नावाची, कारण उत्खननाचे वर्ष त्यांच्या जन्मशताब्दीचे होते. हे खडक साचले तेव्हा, सुमारे अठरा कोटी वर्षांपूर्वी, ही भूमी दक्षिण गोलार्धात मध्य अक्षांशांवर होती. म्हणजे आज अहेरीच्या मुलीला जे आकाश नाकारते, ते मोठ्या सौरवादळांच्या रात्री बारापासॉरसला पाहावयास मिळण्याचा संभव पुष्कळच अधिक होता, आणि तोही दक्षिण क्षितिजावर! ही भूमी ज्याचा भाग होती त्या प्राचीन भूखंडाला गोंडांच्या मुलखावरून गोंडवन हे नाव मिळाले; मेडलिकॉट या भूशास्त्रज्ञाने ते १८७२ साली प्रथम खडकांच्या समूहासाठी योजले. हे साल वाचकांनी ध्यानात ठेवावे, कारण त्याच वर्षाच्या फेब्रुवारीकडे मला परत यावयाचे आहे.

आता रात्र. सूर्याकडून सुटलेले भारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रावर आदळून तेथे जी उलथापालथ करतात, तिच्यामुळे चुंबकीय ध्रुवांभोवतीच्या वलयाकार पट्ट्यात इलेक्ट्रॉन वातावरणात घुसतात आणि ऑक्सिजन, नायट्रोजन यांना प्रकाशित करतात. शंभर-सव्वाशे किलोमीटरांवर ऑक्सिजनचा हिरवा रंग, आणि दोनशेच्या वर, चारशे किलोमीटरांपर्यंत, त्याचाच तांबडा. आइसलंड त्या पट्ट्याखालीच वसला आहे. अहेरीचा चुंबकीय अक्षांश मात्र अकराच्या आसपास. वादळ प्रबळ झाले की पट्टा विषुववृत्ताकडे सरकतो. पण किती सरकला म्हणजे अहेरीला दिसेल? याचे गणित दहावीच्या त्रिकोणमितीने होते. चारशे किलोमीटर उंचीवरील प्रकाशाचा माथा पृथ्वीच्या वक्रतेवरून सुमारे २,२०० किलोमीटरांपर्यंत दिसू शकतो. तेव्हा तो काशगरच्या डोक्यावर असेल तर अहेरीच्या उत्तर क्षितिजाला जेमतेम स्पर्श करील. परंतु अहेरीत क्षितिज कोठे आहे? तेथे सभोवार अरण्य. झाडांच्या शेंड्यांवर दहा अंश, म्हणजे हात लांब करून धरलेल्या मुठीएवढा, तो वर यावयाचा तर त्याने शिमल्याच्या आसपास येऊन उभे राहिले पाहिजे. हानलेला तांबडा रंगच दिसला त्याचे कारणही हेच: खालचा हिरवा पदर क्षितिजाआड राहतो आणि उंचावरचा तांबडा पदर तेवढा डोकावतो.

मग हे अशक्यच म्हणावे काय? ४ फेब्रुवारी १८७२ च्या रात्री मुंबईच्या लोकांनी ध्रुवीय प्रकाश पाहिला, आणि त्याचे वृत्त तेथील वर्तमानपत्रात छापून आले. मुंबईचा अक्षांश १८.९, सिरोंचाचा जवळजवळ तोच. सिरोंचा तेव्हा केवळ तहसिलीचे ठाणे नव्हते, अप्पर गोदावरी जिल्ह्याचा कारभार तेथून चाले. जे मुंबईच्या आकाशाने दाखवले, ते सिरोंचाच्या आकाशालाही वर्ज्य नव्हते. तेव्हा त्या मुलीने आपल्या वहीत ‘अशक्य’ हा शब्द लिहू नये. ‘शतकातून एखाद्या वेळी’ असे लिहावे.

परंतु आकाशातील प्रकाश हे वादळाचे एक अंग झाले. दुसरे अंग तारेत उतरते, आणि त्या बाबतीत अहेरीचा इतिहास विलक्षण योगायोगाचा आहे. १८५८ साली अहेरीच्या जमीनदारीतून तारायंत्राचे काम चालले होते. बाबूराव शेडमाके यांच्या कंपनी सरकारविरुद्धच्या बंडाच्या काळात, २९ एप्रिलच्या रात्री, प्राणहितेकाठी चिंचगुंडी येथील तारखात्याच्या छावणीवर हल्ला होऊन गार्टलँड आणि हॉल हे दोघे कर्मचारी मारले गेले. पुढे २१ ऑक्टोबरला बाबूरावांना चांद्यास फाशी देण्यात आली. कंपनी सरकारला जी तार हुकमतीचे साधन वाटत होती, तीच पुढल्या वर्षी साऱ्या जगात सूर्याने आपल्या हुकमतीखाली घेतली. १ सप्टेंबर १८५९ रोजी रिचर्ड कॅरिंग्टन यांनी इंग्लंडात सौरडागांच्या समूहावर शुभ्र ज्वाला पाहिली, आणि सुमारे साडेसतरा तासांनी पृथ्वीवर असे चुंबकीय वादळ कोसळले की अमेरिकेतील बोस्टन-पोर्टलंड तारेवरील कर्मचाऱ्यांनी विद्युत्घट सोडवून ठेवले आणि केवळ आकाशाने तारेत उत्पन्न केलेल्या प्रवाहावर संदेश धाडले.

आपल्याकडे तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. उजेडात कोणाला काही दिसणे शक्यच नव्हते. तरीही त्या वादळाची जी नोंद आज सर्वांत मोलाची ठरली आहे ती त्याच उजेडात, मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत झाली. ती कशी झाली हे सांगितल्यावाचून माझ्याने पुढे जाववत नाही.

साधी चुंबकसूची उत्तरेकडे तोंड करून राहते; उत्तरेची ओढ कमी झाली तरी ती दिशा बदलत नाही, म्हणून ओढीचे मान तिच्यावरून कळत नाही. कुलाब्याच्या यंत्रात चुंबक दोन धाग्यांवर टांगलेला असे. आंब्याच्या फांदीला दोन दोरांचा झोका बांधून त्याला पीळ दिला की तो उलगडू पाहतो, हे खेड्यातील प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. अशा झोक्यावर सतत उत्तरेकडे तोंड करू पाहणारे एक हट्टी मूल बसवावे, आणि दोरांना इतका पीळ द्यावा की त्याचे तोंड पूर्वेकडेच राहावे. पीळ आणि हट्ट यांची बरोबरी झाली की झोका स्थिर. आता उत्तरेची ओढ किंचितही घटली तर पिळाची सरशी होऊन झोका हलतो. चुंबकाला लावलेल्या आरशातून दुर्बिणीने मोजपट्टी वाचली की हे हलणे कितीतरी पटींनी मोठे दिसते. कुलाब्यात एरवी तासातासाला आणि वादळात दर पाच-पंधरा मिनिटांनी पाळीवरील मदतनीस डोळा लावून हे आकडे वहीत उतरवीत. त्या सकाळी ही उत्तरेची ओढ, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राचा क्षैतिज घटक, सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेली, म्हणजे एकूण ओढीच्या चार टक्क्यांहून अधिक! पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या हिशेबात ही केवढी घसरण आहे, हे कळावे म्हणून सांगतो की ज्या मे २०२४ च्या वादळाने हानलेपर्यंत आभा आणली, त्यात विषुववृत्तीय क्षेत्राची सरासरी घसरण चारशेच्या आसपास होती. कुलाब्याचे ते आकडे बाहेर काढून त्यांचा अर्थ लावला तो २००३ साली त्सुरुतानी, गोन्झालेझ, लाखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी. त्यांतील शेवटचे दोघे भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे.

ध्रुवाजवळच्या वेधशाळा असताना कुलाबाच का? वादळात पृथ्वीभोवती, विषुववृत्ताच्या पातळीत, कित्येक हजार किलोमीटर अंतरावर भारित कणांचा एक वलयप्रवाह प्रबळ होतो आणि त्याचे क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राला विरोध करते. वादळाचे खरे माप हा प्रवाहच, आणि तो नीट मोजता येतो खालच्या अक्षांशांवर. ध्रुवांपाशी आकाशातील स्थानिक विद्युत्प्रवाहांचा कोलाहल इतका की त्यात मूळ सूर ऐकू येत नाही. रोषणाई ध्रुवावर व्हावी आणि तिचा जमाखर्च उष्ण कटिबंधात ठेवला जावा, अशी ही निसर्गाची वाटणी आहे. आपल्या आकाशाने आपल्याला नाकारले असे त्या मुलीला वाटले. मला तसे वाटत नाही.

आणि हे दफ्तर ज्यांनी राखले त्यांचे स्मरण आपण फारच कमी करतो. केरूनाना छत्रे यांचे नाव आपण पंचांगाच्या वादात आणि लोकमान्यांचे गुरू म्हणून घेतो. पण हा अलिबागनजीकच्या नागावचा मुलगा सोळा-सतराव्या वर्षी कुलाबा वेधशाळेत नोकरीस लागला आणि प्राध्यापक ऑर्लीबार यांच्या हाताखाली चुंबकीय व हवामानविषयक वेध घेत त्याने जवळपास एक तप तेथे घालवले. पुढे सौरडाग आणि हवामान यांच्या संबंधाचा विचार त्यांनी केला, तो मुळीच आकस्मिक नव्हता. त्यांच्यानंतर नानाभाई अर्देशीर फ्रामजी मूस. कॅरिंग्टनच्या वादळाच्याच वर्षी, १८५९ मध्ये, जन्मलेले हे पारशी गृहस्थ एडिनबरोस शिकून आले आणि १८९६ साली कुलाब्याचे पहिले हिंदी संचालक झाले. मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार हे ठरताच त्यांनी ओळखले की रुळांतील प्रवाह चुंबकाला क्षणाची स्वस्थता लाभू देणार नाही. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबागेस लोखंडाचा खिळाही नसलेली, पोरबंदरी दगडाची वेधशाळा उभारविली, आणि १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्ही ठिकाणचे वेध एकाच वेळी घेतले, जेणेकरून जुन्या नोंदींचा धागा नव्याला बिनगाठीचा जोडला जावा. ट्रामगाडी धावली ती १९०७ साली. १९१० मध्ये त्यांनी १८४६ पासूनच्या साठ वर्षांच्या नोंदी दोन भागांत, आपल्या चर्चेसह, प्रसिद्ध केल्या. अनेक वादळे एकमेकांवर मांडून त्यांचा सामान्य क्रम त्यांनी दाखवला: आरंभी अल्पशी उसळी, मग मोठी घसरण, मग कित्येक दिवसांची संथ भरपाई. सिडनी चॅपमन आदींनी पुढे चुंबकीय वादळांचे जे शास्त्र रचले त्याच्या पायात हे काम आहे, आणि तरीही मराठी शालेय पुस्तकांत मूस यांच्या नावाला एक ओळ मिळू नये, याचे मला मनापासून वाईट वाटते.

त्या माहितीपत्रकाविषयी गुरुजींना एवढेच सांगतो की ‘हमखास दर्शन’ हा शब्द त्यात असेल तर त्यावर विसंबू नये. आइसलंडातही ढग आले की वाटाडा हतबल असतो, आणि सूर्यावरून निघालेला मेघ पृथ्वीला कसा भिडेल हे पुष्कळदा तो पोहोचण्याआधी तासभरच निश्चित होते. ज्यांना शक्य असेल त्यांनी अवश्य जावे.

अहेरीच्या संध्याकाळसाठी मात्र माझी एक सूचना आहे. कोटा आणि आलापल्ली पाहून मुले परतली की शाळेच्या एखाद्या बंद खोलीत दोन रेशमी धाग्यांवर एक लहान चुंबक टांगावा, वारा लागू नये म्हणून काचेच्या बरणीत. धाग्यांना पीळ देऊन त्याला पूर्व-पश्चिम उभा करावा, त्याला आरशाचा तुकडा चिकटवावा, आणि दिव्याची तिरीप त्यावरून समोरच्या भिंतीवर पाडून तेथे पेन्सिलीने खूण करावी. लोखंडी कपाट दूर न्यावे, खोलीचे तापमान फार बदलू देऊ नये, आणि रोज ठरल्या वेळी खूण पाहण्याचा शिरस्ता मोडू नये. मोठ्या वादळाच्या रात्री, बाहेर सागाच्या शेंड्यांवर नेहमीचेच काळे आकाश असताना, तो कवडसा आपल्या खुणेपासून दोन-तीन बोटे सरकलेला त्या मुलीला दिसेल. किती वाजता आणि किती बोटे, हे तिने वहीत लिहावे, आणि ती वही मला पाठवावी.